स्वस्तातली स्प्रे गन भंगारात टाकण्याआधी

आमच्या धाकट्या भावाने गॅरेजमधली नोकरी सोडली आणि ग्रिल, लोखंडी खुर्च्या, कपाटं रंगवायचं काम घरच्या अंगणात सुरू केलं. जुना कॉम्प्रेसर ओळखीच्या माणसाकडून हप्त्याने घेतला. गन मात्र बाजारातली सगळ्यात स्वस्त, वर रंगाचा कप बसवलेली. पहिलं काम मिळालं ते शेजारच्या खालांचं. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि घरातला जुना लोखंडी पाळणा रंगवून हवा होता.

पहिल्याच दिवशी गन फडफडायला लागली. रंग सलग येईना. थुंकल्यासारखे थेंब पाळण्याच्या गजांवर बसले आणि खाली ओघळले. भाऊ वैतागून म्हणाला, "ही भंगारात घालतो, चांगली आणतो." चांगली आणायची कशी? कॉम्प्रेसरचेच चार हप्ते बाकी होते. अब्बांनी जन्मभर शिलाई मशीन चालवलेली. ते एवढंच म्हणाले, "आधी उघडून तर बघ, बेटा."

उघडल्यावर आम्हाला जे कळलं ते असं, की या गनमध्ये मोडण्यासारखं फारसं काही नसतंच. पुढे हवेची टोपी, म्हणजे एअर कॅप. तिच्या आत नोझल. नोझलचं भोक बंद करणारी लांब सुई. आणि ट्रिगरजवळ त्या सुईभोवती बसवलेलं छोटं पॅकिंग. बहुतेक दुखणी दोनच: नको तिथे अडकलेला रंग आणि नको तिथून शिरलेली हवा.

फडफड होते ती या हवेमुळे. कपात रंग कमी असेल, गन फार तिरपी धरली असेल, नोझल सैल असेल किंवा सुईचं पॅकिंग सुकलं असेल, तर रंगाबरोबर हवाही ओढली जाते. कपातल्या रंगात बुडबुडे दिसले तर संशय नोझलवर घ्यावा: ते पुरतं आवळलेलं नाही किंवा त्याची बैठक खराब झाली आहे. आमच्या गनचं पॅकिंग कोरडं ठणठणीत होतं. अब्बांनी मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले, पॅकिंगचा नट अगदी किंचित आवळला आणि फडफड थांबली. भावाने उत्साहात तो आणखी आवळला, तर सुई मागेच अडकून राहिली आणि ट्रिगर सोडला तरी नोझलमधून रंग ठिबकू लागला. म्हणजे आवळायचं ते सुई सहज मागेपुढे होईल इतपतच. तेल साधं मशीनचं वापरावं. सिलिकॉनचं वंगण गनजवळ आणू नये. त्याचा अंश रंगात गेला तर पृष्ठभागावर माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात.

गन सुरुवातीला नीट चालून मग हळूहळू बंद पडते का? कपाच्या झाकणाला हवेचं बारीक भोक असतं, ते बघा. तिथे रंग सुकला की कपात हवा जात नाही आणि रंग खाली उतरत नाही. यासाठी गन दुरुस्तीला नेणारे लोक आम्ही पाहिले आहेत.

रंगाचा पट्टा एका बाजूला जाड, दुसरीकडे पातळ किंवा चंद्रकोरीसारखा वाकडा येत असेल, तर जुन्या वर्तमानपत्रावर एक फवारा मारा. मग एअर कॅप अर्धी फिरवून पुन्हा मारा. दोष बाजू बदलून आला तर घाण एअर कॅपच्या भोकात आहे. जिथल्या तिथे राहिला तर नोझल किंवा सुईवर. ही युक्ती कळल्यापासून आमचे कितीतरी तास वाचले आहेत. भोक साफ करायला तार, टाचणी, खिळा मुळीच नको. पितळेचं भोक एकदा मोठं किंवा वेडंवाकडं झालं की ते परत येत नाही. थिनरमध्ये भिजवलेली टूथपिक किंवा झाडूची काडी पुरे.

कधी कधी गनचा काही दोषच नसतो. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत थर आला तर रंग घट्ट आहे किंवा हवेचा दाब कमी आहे. ओघळ आले तर हात फार जवळ किंवा फार सावकाश. आम्ही गन सहा ते आठ इंचांवर धरतो आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवतो. रंग जुन्या मलमलीतून गाळल्याशिवाय कपात ओतत नाही. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज खालच्या तोटीने सोडावं, नाहीतर तेच रंगात फोड आणतं.

सफाईत उद्या नसतो. काम संपलं की आधी हवा बंद, मग कप रिकामा, मग थोडं थिनर घालून स्वच्छ येईपर्यंत फवारा. नंतर एअर कॅप, नोझल, सुई काढून मऊ ब्रशने धुवायचं. सबंध गन रात्रभर थिनरमध्ये बुडवून ठेवायची सवय वाईट. पॅकिंग कडक होतात आणि आतलं तेल धुऊन जातं.

दोन गोष्टी मात्र आम्ही जिवावरच्या मानतो. थिनरची वाफ जमिनीलगत पसरते, म्हणून आसपास चूल, गॅस, अगरबत्ती, विडी काही नको. मोटर अंगातच असलेल्या विजेच्या गनमध्ये थिनरचा रंग घालण्याआधी तिच्या पुस्तिकेत तशी परवानगी आहे का ते वाचावं. आणि रुमाल म्हणजे मास्क नव्हे. वाफेसाठी कोळशाच्या डब्यांचा मास्क लागतो. हार्डनर मिसळायचे पॉलियुरेथेन रंग तर घरी फवारूच नयेत. त्यातल्या आयसोसायनेटने कायमचा दमा जडू शकतो.

पाळण्याचा जुना रंग आम्ही पाणी लावून घासला, कोरडा नाही. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर दहा लाख भागांत 90 भाग ही मर्यादा 2016 च्या नियमांनी आली. त्याआधीच्या रंगात शिसं किती असेल कोण सांगणार! त्याची धूळ बाळंतिणीच्या घरात उडवायची नव्हती. चिखल कागदात गुंडाळून वेगळा काढला, हातपाय धुतले, मग शिसं नसल्याचा उल्लेख असलेला डबा पाहून नवा रंग आणला.

पाळणा सुंदर झाला, पण वास पुरता जाईपर्यंत आम्ही तो अंगणातल्या पडवीतच ठेवला. मधेच बाळ आलं. खाला रोज कुंपणाशी येऊन विचारायच्या, "झालं का रे?" आणि भाऊ रोज नाक लावून म्हणायचा, "अजून दोन दिवस, खाला." तोवर बाळ सुती झोळीत झोपलं. पंधराव्या दिवशी पाळणा त्यांच्या घरी गेला. खालांनी ठरल्यापेक्षा पन्नास रुपये जास्त दिले आणि उशीर केला म्हणून रागावल्याही. गन अजून तीच आहे. तिचं पॅकिंग दोनदा बदललं, आणि मशीनच्या तेलाची बाटली अब्बा आता लपवून ठेवतात.