हा वारसा टाळता येतो

पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणाऱ्या आपल्या कुटुंबांत ‘वारसा’ हा शब्द मोठ्या जिव्हाळ्याने उच्चारला जातो. पेढी, घर, बाजारातील पत आणि संस्कार पुढच्या पिढीच्या हाती सुखरूप जावेत म्हणून वडीलधारी मंडळी आयुष्यभर झटतात. एचआयव्हीचा विषाणूही आईकडून बाळाकडे जाऊ शकतो. मात्र हे संक्रमण वेळीच रोखता येते, आणि त्यासाठी लागणारी चाचणी व औषधे शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतात. घराघरांत या विषयावर मौनच पाळले जात असल्याने येथे त्याची मांडणी करीत आहे.

एचआयव्ही हा आनुवंशिक रोग नव्हे. बाधित मातेकडून तो बाळाकडे तीन टप्प्यांवर जाऊ शकतो : गर्भारपणात, प्रसूतीच्या वेळी आणि स्तनपानातून. कोणताही उपचार न घेतल्यास अशा १०० मातांच्या बाळांपैकी सुमारे १५ ते ४५ बाळांना संसर्ग होतो. योग्य उपचार वेळेवर सुरू झाल्यास हे प्रमाण ५ टक्क्यांच्याही खाली येते. उपचाराविना राहिलेल्या बाधित बाळांपैकी जवळजवळ निम्मी बाळे दुसरा वाढदिवसही पाहू शकत नाहीत. हे आकडे लक्षात घेतले म्हणजे वेळेचे मोल कळते.

औषधांची वाटचाल

भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ मध्ये चेन्नईत आढळले. त्या काळी बाधित मातेला धीर देण्यापलीकडे डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. १९९४ मध्ये अमेरिका व फ्रान्स येथील अभ्यासात झिडोव्हुडिन या औषधामुळे बाळांमधील संसर्गाचे प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आल्याचे दिसून आले. १९९९ मध्ये युगांडातील अभ्यासाने नेव्हिरापिन या स्वस्त औषधाची एकेक मात्रा माता व बाळ यांना देऊनही मोठा लाभ होतो, हे दाखविले. पुढे आपल्या देशातही राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. आज बाधित गर्भवतीला तीन औषधे एकत्र असलेली गोळी रोज घ्यावी लागते. ती गर्भारपणापुरती नसून आयुष्यभरासाठी असते. तिच्यामुळे रक्तातील विषाणूंचे प्रमाण इतके घटते की मातेचे आरोग्य टिकते आणि बाळही सुरक्षित राहते. क्यूबाने २०१५ मध्ये, थायलंडने २०१६ मध्ये आणि आपल्या शेजारच्या श्रीलंकेने २०१९ मध्ये या प्रकारच्या संसर्गाचे उच्चाटन केल्याची मान्यता जागतिक आरोग्य संघटनेकडून मिळविली.

चाचणी दोघांचीही

‘आपल्यासारख्या घरात या चाचणीची काय गरज?’ हा प्रश्न अनेकांच्या मनात येतो. विषाणू घराणे पाहून येत नाही. तो दूषित सुईतून, असुरक्षित रक्तातून किंवा जोडीदाराकडूनही येऊ शकतो. म्हणून गर्भारपणाच्या पहिल्याच तपासणीत ही चाचणी करून घ्यावी. संसर्ग नुकताच झाला असल्यास आरंभीच्या काळात तो चाचणीत दिसत नाही. त्यामुळे डॉक्टरांनी पुन्हा चाचणी सुचविल्यास ती टाळू नये.

पत्नीबरोबर पतीचीही चाचणी व्हावी. पती बाधित आणि पत्नी निरोगी असेल, तर गर्भारपणात व स्तनपानाच्या काळात तिला जपणे अत्यावश्यक ठरते. कारण या काळात नव्याने झालेला संसर्ग बाळासाठी अधिक धोक्याचा असतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गर्भारपणामुळे स्त्रीची चाचणी बहुधा आधी होते, आणि मग दोषही तिच्याच माथी मारला जातो. जिचा अहवाल आधी आला तिलाच संसर्ग आधी झाला, असा त्याचा अर्थ मुळीच होत नाही. निदान झाले त्या दिवशी सुनेला दूषणे देणारे घर तिला उपचारापासून दूर लोटते आणि त्याची किंमत नातवंडाला मोजावी लागते.

माहेरी जाताना

पहिल्या बाळंतपणासाठी मुलगी माहेरी जाते, ही आपल्याकडील सुंदर रीत. पण नेमक्या याच वेळी उपचारांत खंड पडण्याचा संभव असतो. सासरच्या गावी सुरू झालेली औषधे माहेरी पोहोचेपर्यंत संपतात, किंवा कागदपत्रे मागेच राहतात. यासाठी निघण्यापूर्वी आपल्या एआरटी केंद्राला कळवावे. माहेरच्या जवळील केंद्रातून औषधे चालू ठेवण्याची व्यवस्था होऊ शकते. प्रसूती रुग्णालयातच व्हावी आणि तेथील डॉक्टरांना पूर्ण कल्पना असावी. प्रत्येक वेळी शस्त्रक्रिया करावी लागतेच असे नाही. विषाणूंचे प्रमाण नियंत्रणात असल्यास नैसर्गिक प्रसूतीही होऊ शकते.

जन्मानंतर लगेच बाळाला प्रतिबंधक औषध सुरू करतात व ते किमान सहा आठवडे चालते. सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन पहिली तपासणी होते. आईच्या रक्तातील प्रतिपिंडे बाळाच्या शरीरात बरेच महिने राहत असल्याने नेहमीची चाचणी या वयात फसवी ठरू शकते. म्हणून तपासण्या टप्प्याटप्प्याने होतात आणि अंतिम निर्णय साधारण १८ महिन्यांनी मिळतो. मधल्या काळात एकही तारीख चुकवू नये.

बाळाचे दूध आणि आजीची गुटी

पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे. पाणी, बाळगुटी, गाईचे दूध यांपैकी काहीही देऊ नये. वरचे अन्न बाळाच्या कोवळ्या आतड्याच्या अस्तराला इजा करते आणि विषाणूला वाट मिळते. डॉक्टरांच्या सल्ल्याने वरच्या दुधाचा निर्णय घेतला, तर केवळ तेच द्यावे. दोन्हींची सरमिसळ सर्वांत घातक. ‘आम्ही नाही का गुटी देऊन मुले वाढवली?’ हा आजीचा प्रश्न मायेपोटी असतो, पण येथे तो मागे ठेवावा लागेल. ज्या मातेने आपला आजार घरात सांगितलेला नाही, तिलाही गुटीला नकार देता येतो. कारण सहा महिने निव्वळ स्तनपान हा सल्ला आज डॉक्टर सर्वच मातांना देतात.

गोपनीयतेचा हक्क

बँकेच्या नोकरीत ग्राहकाच्या खात्यातील शिल्लक त्याच्या सख्ख्या भावालाही सांगायची नाही, हा आम्हा अधिकाऱ्यांचा पहिला धडा. एचआयव्हीसंबंधी २०१७ च्या कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, रुग्णाच्या माहितीलाही असेच कवच दिले आहे. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि काही ठरावीक अपवाद वगळता अहवाल इतरांना सांगता येत नाही. बाधित व्यक्तीशी भेदभाव करण्यासही कायद्याची मनाई आहे. तेव्हा ‘गावात कळेल’ या भीतीने शासकीय समुपदेशन व चाचणी केंद्र टाळण्याचे कारण नाही. ओळखीच्या गावात संकोच वाटत असेल, तर दुसऱ्या शहरातील केंद्रात जावे, पण जावे. १०९७ या निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते.

सून गर्भवती असल्याची वार्ता येताच आपल्या घरांत डोहाळजेवणाच्या बेतापासून बाळंतविड्यापर्यंत सर्व तयारी उत्साहाने सुरू होते. त्या यादीत पती-पत्नी दोघांच्या चाचणीची एक ओळ अगदी आरंभी लिहिली जावी. बहुतेक घरांत अहवाल निर्धास्त करणाराच येईल. आणि क्वचित एखाद्या घरात तसा आला नाही, तरी बाळाला वाचविण्यासाठी पुरेसा अवधी हाती असेल.