प्रभूची प्रार्थना : लेखांक ६ – मुदत आणि माफी

गेल्या आठवड्यात आपण रोजच्या भाकरीच्या मागणीपाशी थांबलो होतो. तिच्या पाठोपाठ जी मागणी येते तिच्यात मत्तयाने पापासाठी योजलेला मूळ ग्रीक शब्द ‘ऋण’ या अर्थाचा आहे, आणि मराठी भाषांतरकारांनी तो तसाच राखला हे त्यांचे आपल्यावर मोठे उपकार होत. कारण येशू ज्या अरामी भाषेत बोलत असे तिच्यात ‘होबा’ हा एकच शब्द पाप आणि कर्ज या दोन्ही अर्थांनी चालत असे, आणि म्हणून त्याच्या श्रोत्यांना क्षमेचा उपदेश ऐकताना मंदिराइतकीच सावकाराची वहीही डोळ्यांपुढे दिसत असली पाहिजे.

आपल्या ‘क्षमा’ शब्दाच्या मुळाशी सोसण्याचा अर्थ आहे. पृथ्वीला क्षमा म्हणतात ते त्यामुळेच. शुभवर्तमानातील ग्रीक क्रियापदाचा अर्थ मात्र सोडून देणे, मोकळे करणे असा आहे, आणि त्याच धातूची नामे जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात सातव्या वर्षीच्या कर्जमुक्तीसाठी व पन्नासाव्या वर्षीच्या मुक्ततेसाठी वापरलेली आढळतात. दफ्तरी मराठीत याला जवळचा शब्द शोधायचा तर तो माफी, म्हणजे सारामाफीतली माफी. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली ही कथा ज्याच्या कानांवर लहानपणापासून पडली आहे त्या मराठी वाचकाला या क्रियापदाची खूण लगेच पटावी. झाले गेले गंगेला मिळाले, असे म्हणून आपण जे करतो ते निराळे. तिथे हिशेबच बुडतो. माफी देणाऱ्याला आपल्या वहीतील येणे रकमेवर स्वतःच्या हाताने रेघ ओढावी लागते, आणि त्याकरिता ती रक्कम आधी तिथे स्पष्ट अक्षरांत मांडलेली असावी लागते.

या मागणीवरचे येशूचे स्वतःचे भाष्य म्हणून मी मत्तयाच्या १८व्या अध्यायातील दृष्टान्त वाचतो. अपराधी बंधूला सात वेळा क्षमा केली म्हणजे पुरे काय, असे पेत्र विचारतो, आणि येशू त्याला साताच्या सत्तरपटीची संख्या सांगतो. तिच्यात उत्पत्तीच्या पुस्तकातील लामेखाच्या सत्त्याहत्तरपट सूडाच्या वल्गनेला उत्तर दडलेले आहे. मग एक राजा हिशेबाला बसतो, आणि १०,००० तालांतांचा देणेकरी असलेला चाकर त्याच्यापुढे आणला जातो. एक तालांत म्हणजे ६,००० दिनार, आणि एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे हे देणे ६ कोटी दिवसांच्या श्रमाचे झाले. योसेफस हा यहुदी इतिहासकार लिहितो की गालील व पेरिया या दोन प्रांतांचे मिळून हेरोद अंतिपाला वर्षाकाठी २०० तालांत उत्पन्न होते; त्या मानाने ही रक्कम दोन्ही प्रांतांच्या ५० वर्षांच्या वसुलाइतकी भरते. बायकामुलांसह विक्रीचा हुकूम सुटतो, चाकर पाया पडतो, आणि राजा सर्व देणे सोडतो. बाहेर पडताच त्याला आपले १०० दिनार देणे लागणारा एक सोबती भेटतो. तो त्याचा गळा धरतो आणि त्याला बंदीखान्यात टाकतो.

या कथेवर मी पुष्कळ प्रवचने ऐकली, आणि बहुतेकांत चाकराच्या कृतघ्नतेवरच भर होता. मला मात्र त्याच्या अर्जातील मजकूर अधिक बोलका वाटतो. त्याने माफी मागितलीच नव्हती. मागितली होती ती मुदत, आणि वर सर्व फेडण्याची हमी दिली होती. राजाने मागितल्यापेक्षा कितीतरी अधिक दिले, परंतु ते या माणसाच्या मनात उतरलेच नाही. तो दरबारातून निघाला तो मुदत मिळालेला कर्जदार म्हणूनच, आणि ज्याला कसेही करून सहा कोटींची भरपाई करावयाची आहे त्याला रस्त्यात भेटणारे शंभर दिनार सोडून कसे चालतील? सोबती जवळजवळ त्याच्याच शब्दांत मुदत मागतो, तरी ते शब्द त्याला ओळखू येत नाहीत.

परंतु ते शंभर दिनार खोटे नव्हते. शंभर दिवसांची मजुरी ही गरिबाच्या घरी लहान रक्कम नव्हे, आणि दृष्टान्तात कोठेही ते येणे मुळात नव्हतेच असे म्हटलेले नाही. म्हणून घरात मार खाणाऱ्या स्त्रीला, ‘क्षमा कर आणि मुकाट्याने परत जा’, असे जेव्हा मंडळीतील वडीलधारे सांगतात, तेव्हा ते हा दृष्टान्त उलटा वाचत असतात; राजाने आधी हिशेब मांडला, हे ते गाळतात, आणि दुसऱ्याच्या वहीवर आपणच रेघ ओढू पाहतात. तो अधिकार त्यांना कोणी दिलेला नाही.

रेघ कोण ओढू शकतो, हे आपल्याच देशात दिसले आहे. केरळात जन्मलेल्या सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातील उदयनगर येथे आदिवासींमध्ये काम करीत, आणि ते काम मुख्यतः कर्जाशीच निगडित होते. सावकारांच्या पाशातून सुटून बँकेचे कर्ज कसे घ्यावे हे त्या लोकांना शिकवीत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी, इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये, ज्यांचे हितसंबंध दुखावले होते त्यांनी पाठविलेल्या एका तरुणाने त्यांना भोसकून ठार केले. खटला झाला, जन्मठेप झाली, आणि कोणीही ती चुकविली नाही. २००२च्या राखीपौर्णिमेला त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेली आणि तिने त्या माणसाच्या मनगटाला राखी बांधली. पुढे त्याच्या मुदतपूर्व सुटकेला कुटुंबाने पाठिंबा दिला, आणि २००६ साली तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारिया धन्य घोषित झाल्या, त्या सोहळ्याला तो हजर होता.

सुटकेनंतर तो केरळात त्यांच्या घरी गेला होता. वृद्ध मातेने त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि त्यांचे चुंबन घेतले. त्या हातांना तिच्या मुलीचे रक्त लागले होते, हे ती विसरली नव्हती, आणि चुंबनाचे कारणही तेच होते.

(पुढील लेखांक : परीक्षा)