जुना पिकअप घेतलाय? इंजिनाआधी चॅसिस बघा

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडे वापरलेला जुना पिकअप हाती आला की बहुतेकजण आधी बॉनेट उघडतात. खरं तर आधी गाडीखाली शिरायला हवं. खाऱ्या हवेतलं मीठ ओलावा धरून ठेवतं, म्हणून इथे गंज लवकर चढतो. गाडीने मासळी वाहिली असेल तर हौद्याखाली विचारूच नका! पाटे चॅसिसला जोडलेले असतात, तिथे पान्याने ठोकावं. चांगलं लोखंड खणखणतं, सडलेलं बद्द वाजतं.

इंजिन पुन्हा बांधता येतं. पण चॅसिसवर ठोकलेला नंबर गंजाने खाल्ला, तर पेणच्या आरटीओत तपासणीला गाडी अडू शकते. गंज घासून, रेड ऑक्साइड मारून मगच रंग द्यावा. नंबरच्या जागी मात्र ग्राइंडर नको, छेडछाडीचा संशय येतो. तिथे मऊ ब्रश आणि थोडं तेल पुरे.