पक्षाघात : वेळेचा हिशेब

चेहरा एकाएकी वाकडा होणे, एका बाजूचा हात वा पाय लुळा पडणे, वाचा अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे होत. बहुतांशी यात मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते. मोठी वाहिनी बंद झाल्यास मिनिटागणिक सरासरी १९ लाख चेतापेशी नष्ट होतात. वाणिज्य शाखेच्या पदवीधरासही हा खर्च धडकी भरविणारा वाटतो. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन सामान्यतः साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नसल्याची खात्री झाल्यावर. सबब घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नये, तेलमालिशीत वेळ दवडू नये. लक्षणे ओसरली तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला, ती वेळ मात्र नातेवाइकांनी लिहूनच आणावी. झोपेतून उठताना लक्षणे दिसल्यास उठण्याची नव्हे, निजण्यापूर्वीची वेळ सांगावी.