फळा पुसला तरी वही राहिली पाहिजे : मुलांचा गेम सर्व्हर कंटेनरमध्ये चालवताना



मुलं माइनक्राफ्टमध्ये रमली की एक मागणी येतेच : "आपल्या ग्रुपचा स्वतःचा सर्व्हर काढू या ना!" व्हिडिओ बघत बघत सर्व्हर अर्ध्या तासात सुरूही होतो. खरा प्रश्न पुढे येतो. तीन महिने खपून मुलांनी उभं केलेलं गाव एके दिवशी नाहीसं झालं तर ते परत आणता येईल का? क्लाउडवर कंटेनरमध्ये सर्व्हर चालवताना काय सांभाळायचं, ते आज समजून घेऊ.

सर्व्हर म्हणजे नेमकं काय?

चार मुलं चार घरांतून एकच जग बघत असतात. कोणी कुठे वीट ठेवली, कोणाची मेंढी कुठे गेली, याचा एकच खरा हिशेब कुठेतरी असावा लागतो. तो ठेवणारा प्रोग्रॅम म्हणजे सर्व्हर. माइनक्राफ्टचा सर्व्हर हा हिशेब सेकंदाला 20 वेळा, म्हणजे दर 50 मिलिसेकंदांनी करतो. यंत्र कमी पडलं की हा ठोका चुकतो आणि मुलं ओरडतात, "लॅग होतंय!"

एक गोष्ट आधीच तपासा. मोबाइल-टॅबवर चालते ती बेडरॉक आवृत्ती आणि संगणकावर बरेच जण खेळतात ती जावा आवृत्ती. दोघींचे सर्व्हर वेगळे. या लेखात आपण जावा आवृत्तीबद्दल बोलतोय.

कंटेनर म्हणजे काय?

नाव आलंय जहाजावरच्या पेट्यांवरून. न्हावा शेवा बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरवर दिसतात त्याच. आत काय आहे याच्याशी क्रेनला देणंघेणं नसतं, पेटीचं माप ठरलेलं. सॉफ्टवेअरचंही तसंच. सर्व्हर प्रोग्रॅम, त्याला लागणारी जावा आणि सेटिंग्ज एकत्र बांधून ठेवतात, त्याला म्हणतात इमेज. त्या इमेजवरून चालू केलेली प्रत म्हणजे कंटेनर. 2013 मध्ये आलेल्या डॉकरमुळे ही पद्धत सर्वत्र पोचली. घरच्या लॅपटॉपवर चालणारा कंटेनर क्लाउडवरही तसाच चालतो.

फळा आणि वही

आता लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. कंटेनर हा वर्गातल्या फळ्यासारखा असतो. तास संपला की पुसायचा. कंटेनर काढून नवा केला की जुन्याच्या आत लिहिलेलं सगळं त्याच्याबरोबर जातं. हा दोष नाही, कंटेनर बनवलेलाच तसा आहे. बिघडला की दुरुस्त करत बसायचं नाही, इमेजवरून नवा उभा करायचा.

पण मुलांचं गाव पुसून चालणार नाही. ते वहीत हवं. ही वही म्हणजे व्हॉल्यूम : कंटेनरच्या बाहेर असलेली, त्याला जोडलेली साठवणुकीची जागा. जगाच्या फायली तिथे जातात असं पहिल्याच दिवशी बघा.

ॲमेझॉनच्या फारगेटसारख्या सेवेत तर हे आणखी जपावं लागतं. तिथे थांबलेला कंटेनर परत सुरू होत नाही, दर वेळी नवाच तयार होतो. वेगळी साठवण जोडली नसेल तर दर वेळी कोरं जग.

आणि वही म्हणजे बॅकअप नव्हे! एखाद्या मुलाने टीएनटी लावून गाव उडवलं, तर व्हॉल्यूम ते उडालेलं गावही इमानेइतबारे जपून ठेवतो. म्हणून रोजची एक प्रत वेगळ्या जागी हवी आणि मागच्या काही दिवसांच्या प्रतीही हव्यात. सर्व्हर चालू असताना प्रत घ्यायची असेल तर आधी "सेव्ह-ऑफ", मग "सेव्ह-ऑल" या आज्ञा द्यायच्या, प्रत घ्यायची आणि शेवटी "सेव्ह-ऑन". नाहीतर अर्धवट लिहिलेल्या फायलींची प्रत निघते.

वेबसाइटसारखं वागवू नका

वेबसाइटवर गर्दी वाढली की तिच्या कंटेनरच्या दोनाच्या चार प्रती करता येतात. गेम सर्व्हरचं तसं नाही. एका जगाचा हिशेब एकालाच ठेवता येतो. दोन शिक्षकांनी एकाच हजेरीपटावर एकाच वेळी लिहिलं तर जो गोंधळ होईल, तोच इथे होतो. म्हणून प्रत एकच. खेळाडू वाढले तर मेमरी आणि प्रोसेसर वाढवायचा.

मेमरी देताना काठोकाठ देऊ नका. कंटेनरची मर्यादा 4 जीबी असेल तर जावाला 3 जीबीच्या आसपास द्या. मर्यादा ओलांडली की यंत्रणा प्रोग्रॅम जागच्या जागी मारून टाकते, सेव्ह करायला वेळ देत नाही.

बंद करतानाही घाई नको. डॉकर थांबण्याची सूचना देतो, साधारण 10 सेकंद वाट बघतो आणि मग जबरदस्तीने बंद करतो. मोठं जग सेव्ह व्हायला याहून जास्त वेळ लागू शकतो. ही मुदत एक मिनिट करून ठेवा.

सर्व्हर कुठे ठेवायचा?

जवळ. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क अंतर साधारण 12,500 किलोमीटर. जाऊन-येऊन 25,000 किलोमीटर, म्हणजे कमीत कमी 125 मिलिसेकंद. वर सांगितलेले अडीच ठोके नुसत्या प्रवासात गेले! हे गणित सातवी-आठवीच्या वर्गातही घेता येईल. ॲमेझॉन आणि गूगलची क्लाउड केंद्रं मुंबईत आहेत, मायक्रोसॉफ्टचं पुण्यात. खातं उघडल्यावर आधीच निवडलेला प्रदेश बहुधा परदेशातला असतो, तो बदला.

दार कोणाला उघडायचं?

इंटरनेटवर पत्ता असलेला सर्व्हर अनोळखी माणसांनाही सापडतो. म्हणून :

1. व्हाइटलिस्ट चालू ठेवा. यादीत नाव असेल त्यालाच प्रवेश.
2. "ऑनलाइन मोड" बंद करू नका. फुकटच्या नकली खात्यांसाठी मुलं तो बंद करायला सांगतात. तो बंद केला की कोणीही कोणाचंही नाव लावून आत येऊ शकतो, मग यादीचा उपयोग काय?
3. खेळासाठी 25565 हा एकच पोर्ट उघडा. दुरून आज्ञा देण्याचा पोर्ट जगाला उघडा ठेवू नका.
4. आवृत्ती अद्ययावत ठेवा. डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतली मोठी त्रुटी उघड झाली. चॅटमध्ये विशिष्ट मजकूर टाकून दुसऱ्याच्या सर्व्हरवर आपला प्रोग्रॅम चालवता येत होता. माइनक्राफ्टने तातडीने 1.18.1 ही आवृत्ती काढली. अशा वेळी वही वेगळी ठेवल्याचा फायदा कळतो : बॅकअप घ्यायचा, नवी इमेज लावायची, वही तीच जोडायची.

बिलाचं काय?

मुलं आठवड्यातून तीन दिवस दोन-दोन तास खेळली तर महिन्याचे साधारण 26 तास होतात. सर्व्हर रात्रंदिवस चालू राहिला तर महिन्याचे 720 तास. पैसे चालू असलेल्या तासांचे लागतात, खेळलेल्या नव्हे. म्हणून ठरलेल्या वेळी आपोआप चालू-बंद होईल असं वेळापत्रक लावा. व्हॉल्यूम आणि बॅकअपचं थोडं भाडं सर्व्हर बंद असतानाही लागतं. खर्चाची सूचना जरूर लावा, पण ती सहसा फक्त कळवते, स्वतःहून काही बंद करत नाही. खातं आणि कार्ड मोठ्या माणसाच्या नावावर, पासवर्डही त्याच्याचकडे.

आधी ही परीक्षा घ्या

मुलांना गाव बांधायला सोडण्यापूर्वी हा प्रयोग त्यांच्यासोबतच करा. जगात एक पाटी लावा, तिच्यावर तारीख लिहा. सर्व्हर नीट बंद करा. मग कंटेनर चक्क काढून टाका. नवा उभा करा, व्हॉल्यूम जोडा आणि आत जाऊन बघा. पाटी जागेवर आहे? पहिली परीक्षा पास. आता दुसरी : रिकामा व्हॉल्यूम घ्या आणि फक्त बॅकअपवरून तीच पाटी परत आणून दाखवा.

हे दोन्ही जमलं की मुलांना खुशाल सांगा, "बांधा आता गाव!" पुसायचं काय आणि जपायचं काय, हे पाटीच्या प्रयोगातून त्यांनाही समजलेलं असेल. ते पुढे कोणत्याही संगणकावर काम करताना उपयोगी पडेल.