काँटॅक्टरच्या वेटोळ्यातील विद्युतदाब उसळीचे शमन

काँटॅक्टर हा विद्युतचुंबकाने चालणारा स्विच असून मोटारीसारख्या मोठ्या भारांचा परिपथ जोडण्यासाठी व तोडण्यासाठी वापरला जातो. त्याच्या वेटोळ्याचा (कॉइलचा) पुरवठा तोडताच वेटोळ्याच्या टोकांमध्ये क्षणभर फार मोठा विद्युतदाब निर्माण होतो. ही उसळी सुरक्षित मर्यादेत ठेवण्याच्या क्रियेस शमन म्हणतात.

कारण

वेटोळ्यातील प्रवाहाबरोबर चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठते. प्रवाह तुटू लागताच स्वयंप्रवर्तनामुळे वेटोळे त्या बदलाला विरोध करते. प्रवर्तित विद्युतदाब प्रवाह बदलण्याच्या दराच्या सम प्रमाणात असतो. उदा., २ हेन्री प्रवर्तकत्वाच्या वेटोळ्यातील ०.१ अँपिअर प्रवाह ०.१ मिलिसेकंदात शून्यावर आणल्यास २,००० व्होल्ट निर्माण होतील. मग मूळ पुरवठा केवळ २४ व्होल्टचा का असेना.

परिणाम

या उसळीमुळे नियंत्रक स्विचच्या संपर्कबिंदूंवर ठिणग्या पडून ते झिजतात, ट्रान्झिस्टर निकामी होऊ शकतात आणि शेजारच्या तारांतील संकेतांत व्यत्यय येतो.

पद्धती

डायोड : एकदिश प्रवाहाच्या वेटोळ्याला समांतर, पुरवठ्याच्या उलट दिशेने जोडतात. पुरवठा तुटल्यावर प्रवाह डायोडमधून फिरत राहतो व उसळी सुमारे ०.७ व्होल्टवर रोखली जाते. डायोड चुकून सुलट जोडल्यास पुरवठा सुरू करताच लघुपरिपथ होतो.

डायोड व झेनर डायोड : दोन्ही एकसरीत, परस्परविरुद्ध दिशेने जोडतात. उसळी झेनरच्या ठरावीक विद्युतदाबापर्यंत चढू दिली जाते.

व्हॅरिस्टर : विद्युतदाब वाढताच याचा रोध झपाट्याने घटतो. तो एकदिश व प्रत्यावर्ती अशा दोन्ही वेटोळ्यांना चालतो.

रोधक व धारित्र : ही एकसरी जोडी मुख्यतः प्रत्यावर्ती वेटोळ्यांसाठी वापरतात. ती विद्युतदाब वाढण्याचा वेग कमी करते. अशा वेटोळ्यांना साधा डायोड चालत नाही, कारण दर दुसऱ्या अर्धचक्रात तो लघुपरिपथ घडवतो.

निवड

उसळी जितकी कमी, तितका प्रवाह ओसरण्यास अधिक वेळ लागतो. वरील वेटोळ्याचा रोध २४० ओहम धरल्यास साध्या डायोडमुळे प्रवाह एकदशांश होण्यास सुमारे १७ मिलिसेकंद लागतात. ४७ व्होल्टच्या झेनरमुळे तो सुमारे ३.४ मिलिसेकंदात शून्यावर येतो. प्रत्यक्षात लोहगाभा हलल्याने प्रवर्तकत्व बदलते व हे आकडे काहीसे वेगळे येतात. प्रवाह रेंगाळल्यास काँटॅक्टर उशिरा सुटतो. मुख्य संपर्क सावकाश विलग झाल्यास त्यांच्यातील विद्युतकमान अधिक काळ टिकून त्यांची झीज वाढते. आपत्कालीन थांबा बटण दाबल्यावर यंत्र थांबण्यासही तेवढाच विलंब होतो. म्हणून जेथे त्वरित सुटणे आवश्यक असते, तेथे साध्या डायोडऐवजी झेनर जोडणी किंवा व्हॅरिस्टर निवडतात. शमन घटक वेटोळ्याच्या टोकांजवळच बसवतात; अन्यथा मधल्या लांब तारांतून व्यत्यय पसरतो.