बागेंतील उत्तरकाळचा रंग

दिवाळी सरली कीं आपल्याकडील बागेस एक प्रकारची अवकळा येते. तेरड्याचा रंग तर तीन दिवसांचाच. झेंडूही सुकूं लागतो, आणि थंडीचीं फुलझाडें अद्याप रोपांच्याच स्थितींत असतात. अशा वेळीं फुलांची वाट पाहत बसण्यापेक्षां पानांकडे वळावें, हें बरें. क्रोटन, कोलियस, अ‍ॅकॅलिफा, पॉइन्सेटिया हीं झाडें विकत घ्यावयास नकोत; पावसाळ्यांत शेजाऱ्याकडून एक फांदी मागून आणावी व वाळूमिश्रित मातींत लावावी, म्हणजे झालें.

मात्र पानांचा रंग उजेडावर फार अवलंबून असतो, आणि बहुतेकांचे श्रम येथेंच वायां जातात. क्रोटन ओटीच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत ठेवून तो हिरवाच कां राहतो, असें विचारणारे पुष्कळ भेटतात. उजेड अपुरा पडला कीं पानांतील हिरव्या द्रव्याचेंच प्राबल्य होतें व तांबड्या-पिवळ्या छटा लोपतात. कुंडी उन्हांत आणावी; पुढें येणारीं पानें रंगून येतील. कोलियसची प्रकृति निराळी. त्याच्या पुष्कळ जातींचा रंग दुपारच्या कडक उन्हांत विटतो, म्हणून त्यास सकाळचें कोंवळें ऊन पुरे. त्याचे तुरे दिसतांच खुडावे. मुलांस हें निर्दयपणाचें वाटतें, परंतु तुरे राखले तर झाड उंच वाढून बोडकें होतें.

सर्वांत नवलाची गोष्ट पॉइन्सेटियाची. हें झाड मूळचें मेक्सिकोचें. अमेरिकेचे तेथील वकील जोएल पॉइन्सेट ह्यांनीं तें १८२८ च्या सुमारास स्वदेशीं पाठविलें, म्हणून हें नांव. त्याचीं तांबडीं ‘फुलें’ वस्तुतः पानेंच होत. शास्त्रांत त्यांस छद म्हणतात. खरीं फुलें म्हणजे मधले बारीक पिवळे दाणे. हे छद रंगण्यास ऊन दिवसा हवेंच, परंतु रात्रीं अखंड काळोखही हवा. २३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस व रात्र समान होतात. त्यापुढें रात्र दिवसाहून मोठी होत जाते, आणि त्या वाढत्या रात्रींवरूनच झाड आपला काळ ओळखतें. दिवसाच्या लांबीचा वनस्पतींवरील हा परिणाम गार्नर व अ‍ॅलर्ड ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९२० सालीं प्रसिद्ध केला.

तेव्हां फाटकावरील विजेचा दिवा रात्रभर जळत असेल, तर त्याखालचें पॉइन्सेटिया नाताळांतही हिरवेंच राहण्याचा संभव असतो. कित्येकदां एकाच झाडाची दिव्याकडील बाजू हिरवी व पलीकडली तांबडी दिसते. तेथें कितीही शेणखत घाला, व्यर्थ! जागाच बदलावी. तसेंच छाटणी पावसाळ्याच्या आरंभींच उरकावी. ऑगस्टनंतर कात्री लावूं नये. फांदी कापतांना पांढरा चीक निघतो, तो डोळ्यांत जाऊं देऊं नये व लगेच हात धुवावे. लहान मुलांस हें काम एकट्यानें करूं देऊं नये, एवढें पालकांनीं पाहावें.